ताईच्या कानापर्यंत

४ ऑगस्ट

मामा,

नमस्कार, मामीलाही. फोन सोडून थेट परदेशात पत्र कुठून उपटलं, असं म्हणशील. आमच्याकडे फोन वाजला की आई आधी पोहोचते, आणि मी बोलत असले तरी शेजारी बसून अर्धी उत्तरं तीच देते. मला जे विचारायचंय ते तिच्यासमोर विचारण्यासारखं नाही.

तू जन्मभर विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलंस, म्हणून हे तुलाच. आमच्या मंडळाचं नवं नाटक बसतंय आणि प्रॉम्प्टर म्हणून मला उभं केलंय. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते, संध्याकाळी स्वतः वाचते. नाटकात लग्नाला पन्नास वर्षं झालेलं एक जोडपं आहे. पहिल्या अंकात नवरा बायकोला विचारतो, तू माझ्याशी लग्न का केलंस. ती विणत बसते आणि त्याचं उत्तर थेट दुसऱ्या अंकात देते. उत्तर चांगलं लांबलचक आहे, सगळं नाटक त्याच्यावर उभं आहे.

बायकोचं काम एक वयस्क बाई करताहेत. अनुभवी आहेत, आवाज अजून खणखणीत आहे, पण हल्ली शब्द निसटतात. वाक्याच्या मधोमध थांबतात आणि चेहरा असा होतो, जिना उतरताना पायरी संपल्याचं पायाला कळलं नाही की होतो तसा. डॉक्टरांना दाखवून झालं. वयाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. दिग्दर्शकांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलंय की पुढच्या महिन्याच्या अखेरीस रंगीत तालीम आहे, तोवर काम उभं राहिलं नाही तर ते ग्रंथालयातल्या बाईंना द्यावं लागेल. त्यांचं सगळं तोंडपाठ आहे. काम गेलं तर या बाई हाय खातील, मामा. यजमान गेल्यावर त्या या मंडळामुळेच उठून बसल्या होत्या.

मी विंगेतून सांगते ते त्यांना ऐकू येत नाही. त्यांना ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं की पहिल्या रांगेला आधी ऐकू येतं. म्हणून मी एक युक्ती काढलीय. ब्लूटूथचा इअरबड त्यांच्या एका कानात घालायचा, वरून केस येतात, दिसत नाही. त्यांचा फोन विंगेत स्टुलावर ठेवायचा. मी माझ्या फोनवरून त्यावर फोन लावायचा आणि कुजबुजायचं. दिग्दर्शक तयार आहेत. पण प्रॉम्प्टिंग कसं करायचं हेच मला येत नाही. सांगशील?

तुझी चिंगी

•

१५ ऑगस्ट

चिंगे,

आशीर्वाद. तुमच्या मंडळात वयस्क बाई एकच आहे, तिचा आवाज खणखणीत आहे आणि ती माझी थोरली बहीण आहे. लहानपणी लपाछपीतही तुझे पाय पडद्याखालून दिसायचे.

वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. परवाच ताईचा फोन होता. तालमी फर्स्टक्लास चालल्यात म्हणाली. मीही वा वा म्हणालो. आता तुझं पत्र आल्यावर मला कळत नाही की पुढच्या फोनला कुठला आवाज काढायचा. तिनं आपण होऊन सांगितलं नाही, तर मी विचारणार नाही. तूही मी काही सांगतोय हे तिला कळू देऊ नकोस. ती मला अजून शाळेत पोहोचवायला निघाल्यासारखी वागवते, आणि ज्याला बोट धरून नेलं त्यानं आपल्याला सांभाळलेलं तिला खपणार नाही.

आता तुझ्या यंत्राबद्दल. मला ते पटलेलं नाही. कानात यंत्र घालून नाटक करायचं तर नट कशाला हवेत, स्टेजवर स्पीकर मांडून ठेवा. शिवाय माझं डोकं चालत नाही. वायर नाही, तर आवाज जातो कसा? आणि जातो तर ताईच्याच कानात का जातो, शेजारी उभ्या असलेल्या नाटकातल्या नवऱ्याच्या कानात का जात नाही? आमच्या सुनेच्या कानातही तसलं काहीतरी असतं. ती एकटीच हसते आणि मी उगाच माझ्या शर्टाची बटणं तपासतो.

तरी विचारलंस म्हणून एक सांगतो. पूर्ण वाक्य कधी द्यायचं नाही. नटाला वाक्य दिलंस की तो तुझं वाक्य म्हणतो, स्वतःचं म्हणत नाही. एक शब्द द्यायचा आणि तोंड मिटायचं. एवढं जमलं तर पुढचं लिही. आणि नाटकाची एक प्रत पाठव, घरबसल्या वाचीन.

मामी म्हणते, तुझा मामा पत्र वाचल्यापासून खोलीत येरझाऱ्या घालतोय. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

मामा

•

२९ ऑगस्ट

मामा,

आधी तुझ्या शंकेचं. हा तुझ्या जुन्या रेडिओचाच प्रकार आहे, फक्त स्टेशन एवढंसं आणि पोहोच एका दिवाणखान्यापुरती. फोन आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो आणि एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारत पाठवतो. म्हणजे आजूबाजूला ढीगभर फोन असले तरी टक्कर होत नाही. कुठल्या क्रमानं उड्या मारायच्या ते त्या फोनला आणि त्या इअरबडलाच माहीत असतं. त्यासाठी दोघांची एकदा ओळख करून द्यावी लागते. मग पुढे इअरबडची डबी उघडली की ते आपापले एकमेकांना शोधतात. आमच्या दुकानात नंबर काढायचं मशीन कॉम्प्युटरशी असंच बोलतं, घरातला वजनकाटा माझ्या फोनशी बोलतो आणि माझी चुगली करतो. बिनवायरीचा माऊस, गाडीतला स्पीकर, बऱ्याच जणांचं तेच.

आता माझी फजिती ऐक. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं, आणि आई स्टेजच्या उजव्या बाजूला गेली की माझा आवाज तुटायचा. मी फोन बदलला, डबी बदलली. मग लक्षात आलं की नेपथ्यात मध्ये लोखंडी कपाट आहे. लोखंडातून काही हे जात नाही, आणि माणसाच्या अंगातूनही अडखळतच जातं. शेवटी आईचा फोन तिच्या लोकरीच्या टोपलीत, गुंड्यांखाली लपवला. टोपली स्टेजच्या मधोमध असते, आता कुठेही गेली तरी पोहोचतं.

दुसरी फजिती पोस्टमास्तरांमुळे. ते पोस्टातून निवृत्त झालेत आणि आईच्या नवऱ्याचं काम करतात. माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, इअरबड दोन असतात ना, दुसरा रिकामाच आहे, मलाही थोडं विस्मरण होतं. मी दिला. त्या संध्याकाळी आई थांबली, मी शब्द दिला, आणि दोघंही एका सुरात म्हणाले, "तेव्हा पाचवा महिना होता मला." दिग्दर्शकांना हसू आवरेना, तालीम तिथेच मोडली. पोस्टमास्तरांनी इअरबड परत केला. म्हणाले, "मला नको बाई, मी आपला विसरलेलाच बरा."

आई सगळ्यात जास्त हसली. पण घरी येताना रस्ताभर ओळी पुटपुटत होती. खरं सांगायचं तर जमत नाहीये. फोनवरून जाताना आवाज किंचित मागे पडतो, म्हणून मी आधीच शब्द देते. आणि ती विसरलेली नसते, मुद्दाम थांबलेली असते. काल चिडून म्हणाली, "मला श्वास तरी घेऊ दे गं." उशिरा दिला तर तिचा चेहरा पुन्हा तसा होतो. ती विसरलीय की थांबलीय हे मला विंगेतून कळत नाही. ग्रंथालयातल्या बाई हल्ली रोज तालमीला येऊन मागे बसतात. वाईट नाहीत बिचाऱ्या, पण त्या ओठ हलवत सगळं म्हणत असतात, आणि आईला ते दिसतं.

प्रत सोबत आहे.

तुझी चिंगी

•

८ सप्टेंबर

चिंगे,

तुझं पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. पाचव्या महिन्याशी आल्यावर तिला ठसका लागला.

नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये, एवढ्याचसाठी मी जन्मभर घसा घासला. लांब आवाज पोचवणारे पुष्कळ. तुझं यंत्र मुद्दाम थोडंच जातं आणि ज्याचं त्यालाच सांगतं, हे वाचून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. सुनेला तिची डबी दाखवायला सांगितली. कानात घालून बघितलं. आमचा नळ गळतोय हे मला त्यामुळे दोन दिवस कळलं नाही, ते सोड.

आता नीट ऐक. प्रत्येक नटाला देण्याची तऱ्हा वेगळी असते. कुणाला पहिला शब्द लागतो, कुणाला नुसतं खाकरलं तरी चालतं. ताईला पहिला शब्द द्यायचा नाही. तो दिला की तिला वाटतं आपल्याला ढकललं, आणि ती अडून बसते. तिला दुसरा शब्द द्यायचा. "तेव्हा" हे ती आपलं आपण शोधते, तू फक्त "पाचवा" म्हण. म्हणजे तिला वाटतं, सापडलं ते आपल्यालाच. आणि सापडतंही तिलाच.

दुसरं, तिच्या चेहऱ्याकडे बघू नकोस. चेहऱ्यावर ती काहीही आणू शकते, त्याच्यासाठीच लोक येतात. तिचा श्वास ऐक. ती मुद्दाम थांबते तेव्हा श्वास सोडून थांबते. शब्द गेला की घेतलेला श्वास धरून ठेवते. मी विंगेत फार जवळ उभा असायचो म्हणून मला कळायचं. तुला तिथून कसं कळणार, हा प्रश्न आहे. पण तू म्हणतेस की तुझ्या फोनवरून तिला फोन लावलेला असतो. मग त्या कानातल्या बोंडाला कान आहे तसं तोंडही असेल ना? तिच्याकडचं तुला काही ऐकू येत नाही का?

मामा

•

१ ऑक्टोबर

मामा,

मी अक्कलशून्य आहे. येतं की ऐकू. तिच्याकडच्या आवाजानं माझं वाचनातलं लक्ष उडू नये म्हणून मी माझ्या फोनचा आवाज पहिल्या दिवसापासून अगदी कमी करून ठेवला होता. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी तो वाढवला, फोन कानाला लावला, आणि मामा, आई माझ्या कानात श्वास घेत होती. विंगेत उभी राहून मला रडू आलं. एवढ्या जवळून तिला मी तिच्या कुशीत असतानाच ऐकलं असेल.

सोडलेला आणि धरलेला. तू म्हणालास तस्सं. श्वास धरला की मी दुसरा शब्द देते, नाहीतर गप्प. हळूहळू हात बसला. आठवड्याभरात तिचं चिडणं थांबलं, आणि गंमत म्हणजे लागणारे शब्दही कमी झाले. शब्द मिळणारच आहे म्हटल्यावर ती घाबरत नाही, आणि घाबरली नाही की आठवतं.

काल रंगीत तालीम झाली. दुसऱ्या अंकातल्या त्या उत्तरात मी तीन-चारदाच तोंड उघडलं. संपल्यावर दिग्दर्शकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, काम बाईंचंच. ग्रंथालयातल्या बाईंनी आईला मिठी मारली आणि म्हणाल्या, "सुटले. मला पाठ होतं, पण करता आलं नसतं." आई घरी येताना रस्त्यानं गुणगुणत होती. मध्येच मला विचारलं, दुसरा शब्द द्यायचं तुला कुणी शिकवलं. मी म्हटलं, पुस्तकात वाचलं. ती म्हणाली, चांगलं पुस्तक आहे.

प्रयोग एकोणीस तारखेला आहे. प्रयोग झाला की सविस्तर लिहीन. माझा घसा थोडा धरलाय, गरम पाणी पितेय.

तुझी चिंगी

•

२१ ऑक्टोबर

चिंगे,

घशाला आराम दे आणि हे निवांत वाच. तुला बोलता येत नाही आणि मला लिहिल्याशिवाय राहवत नाही, म्हणून या वेळी आधी मी.

तुझा आवाज पुरता बसला, एवढं मला अठराला ताईच्या फोनवरून कळलं. ती दुसरं काही न बोलता म्हणाली, "धाकट्या, चिंगीच्या तोंडून शब्द फुटत नाही. उद्या माझ्या कानात तू बस." मी साळसूदपणे विचारलं, कसलं कानात? ती म्हणाली, "पुरे आता. दुसरा शब्द देणारा जगात एकच माणूस आहे. मला शब्द आठवत नसतील, भाऊ आठवतो." मग मी काय बोलणार. तुझ्या त्या यंत्राचं मला नवल वाटतं ते हे की एवढ्या दुरून मी आलो तो फोनवरून, पण शेवटची टोपलीपासून कानापर्यंतची वाट त्यानंच चालवली. ती नसती तर मी टोपलीतल्या गुंड्यांनाच नाटक सांगत बसलो असतो.

तुमची संध्याकाळ म्हणजे इथे दुपार. मामीनं खिडक्या लावल्या, दाराची घंटा बंद केली, सुनेला आणि नातवंडांना बाहेर पिटाळलं. स्वयंपाकघरातलं उंच टेबल मी खोलीत आणून घेतलं, कारण मला उभं राहूनच जमतं. तू पाठवलेली प्रत पुढ्यात. पहिल्या अंकात चारपाचदा शब्द दिले. ताईनं प्रत्येक वेळी असा उचलला की माझा मलाच अभिमान वाटला. माझा आवाज तुझ्यापेक्षाही उशिरा पोचत होता, पण श्वास ऐकू आल्यावर मला पुढचं आधीच कळत होतं. पोस्टमास्तर एकदा चुकले, त्यांना काही देता येईना म्हणून मी इथे हात चोळत होतो.

मग दुसरा अंक. नवरा पुन्हा विचारतो, सांग ना, का केलंस लग्न. ताईनं श्वास घेतला आणि धरला. माझं बोट ओळीवर होतं, दुसरा शब्द ओठांवर होता. आणि ती टोपलीवर वाकल्यासारखा आवाज झाला, लोकर शोधत असावी, आणि तोंडातल्या तोंडात मला म्हणाली, "गप्प बस, धाकट्या. ऐक नुसतं."

मी गप्प बसलो. पहिल्या दोन ओळी बोट सरकवत होतो, सवयीनं. मग प्रत मिटली. चिंगे, प्रॉम्प्टर नाटक ऐकत नाही. नट या ओळीवर असतो तेव्हा तो पुढच्या ओळीवर असतो, आणि लोक हसतात तेव्हा तो पान उलटत असतो. मी एवढी नाटकं केली, एकही ऐकलेलं नाही. परवा पहिल्यांदा ऐकलं. त्या बाईनं त्या माणसाशी लग्न का केलं ते मला ताईनं सांगितलं, अगदी माझ्या कानात, आणि पुढे काय येणार ते पाठ असूनही मला ते ठाऊक नव्हतं. कुठे तिनं शब्द बदललेही. लेखकापेक्षा बरे होते. मी खुर्चीत बसून रडलो, मामीनं पाहिलं आणि पाणी आणून दिलं.

एक मात्र कळलं नाही. शेवटी टाळ्या झाल्या त्या मला नीट ऐकूच येत नव्हत्या, तुटत तुटत, डब्यात खडे हलवल्यासारख्या येत होत्या. आणि मग एकाएकी झाकण काढावं तसा आवाज मोकळा झाला, आणि बराच वेळ तसाच राहिला. यंत्र बिघडलं का तेव्हा? तू विंगेतच होतीस, तुला दिसलं असेल.

मामा

•

२ नोव्हेंबर

मामा,

घसा आता ठीक आहे. आई तुझं पत्र मागतेय आणि मी देत नाहीये, कारण दिलं तर ती ते सगळ्या मंडळाला वाचून दाखवेल.

यंत्र बिघडलं नव्हतं. त्याचा स्वभावच तो आहे, माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं आणि बाकीचा गोंगाट गाळून टाकायचा. टाळ्या त्याला गोंगाट वाटतात. म्हणून तुला तुकडे आले, त्यात वरून केसांचं झाकण.

पुढचं सांगते. पडदा पुन्हा वर गेला, सगळे हात धरून रांगेत उभे राहिले, वाकले. आईनं एक हात सोडवून घेतला आणि केसांत घातला. मला वाटलं, टोचत असेल. तिनं इअरबड कानातून काढला, सगळ्या सभागृहादेखत. दिग्दर्शक माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. लपवण्यासाठी आम्ही किती खटपट केली होती. ती दोन पावलं पुढे गेली, तळहात उघडा केला, त्यावर इअरबड ठेवला आणि हात लोकांच्या दिशेनं लांब धरला. लोकांना काय कळलं कोण जाणे, पण ते उठून उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही. त्या वयात हात तेवढा वेळ धरवत नाही, शेवटी दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला.

घरी आल्यावर मी विचारलं, हे काय केलंस. ती पायातल्या चपला काढत होती. म्हणाली, "विंगेत टाळ्या बाजूनं येतात गं. त्याला एकदा समोरून ऐकू देत."

तुझी चिंगी